माकुवा कोणाच्या भावकीतली

अमडापूर
वैशाख, बुधवार दुपार

प्रिय दीपमाला,

पत्र पाहून धसकू नकोस. इकडे कुणाला काही झालेलं नाही, जे व्हायचं होतं ते होळीनंतर होऊन गेलं. फोन सोडून कागद का धरला असं तू म्हणशील. तुझा फोन आला की तुझा भाऊ स्पीकर लावतो, त्याला वाटतं घरातल्या सगळ्यांनी मिळून बोलावं. मग मी तुला उन्हाचं सांगते, तू मला तिकडच्या, तुझ्या बेटावरच्या दिली शहरातल्या पावसाचं सांगतेस, आणि दोघी फोन ठेवतो. असं तीन-चारदा झालं. म्हणून आज सगळे शेतात गेल्यावर कागद घेऊन बसले. लिहून झालं की फोटो काढून पाठवीन. माझं अक्षर तुझ्याशिवाय कुणाला लागत नाही, तेही बरंच आहे.

मी थकले आहे, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना तुला माझा सूर लागेल. काम नवं नाही. कोथिंबिरीच्या जुड्या बांधायच्या, भेंडी तोडायची, वांग्यांचे कॅरेट भरून पहिल्या गाडीला द्यायचे, हे तू जन्मापासून पाहिलेलं आहेस. यंदा नळ आठवड्यातून एकदा येतो, तोही सगळ्यांची पाठ वळलेली असताना, त्यामुळे टाकीपासून पातेल्यापर्यंत घरात जे जे पोकळ आहे ते भरून ठेवायचं. पण हातपाय दुखले तर तेल लावता येतं. मला जो शीण आलाय तो बसून राहिलं तरी जात नाही. परवा मिरच्या निवडत होते, आणि निवडलेल्या मिरच्या पुन्हा न निवडलेल्यांतच टाकत होते. छकुलीनं पाहिलं आणि माझ्या पुढचं सूप ओढून घेतलं. पोरगी शहाणी झाली आहे. आईला दया दाखवण्याइतकी शहाणी लवकर झाली, याचंही वाईट वाटलं.

माझे अण्णा गेले तेव्हा तू कुठल्याशा डोंगरातल्या गावात होतीस. तुझा फोन लागला तो तिसऱ्या दिवशी, आणि त्याच दिवशी मी सुतक संपवून माहेराहून, धाडहून परत निघाले होते. लग्न झालेल्या लेकीला बापाचं सुतक तीन दिवस. माझा भाऊ हरिओम आणि त्याची बायको दहा दिवस बसले, मी तीन दिवसांत न्हाऊन मोकळी. इथं येऊन टेकते न टेकते तोच डोणगावहून निरोप आला, भावकीतले कडूबा काका गेले. मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. तुझ्या भावानंही कुणाच्या तरी लग्नात एकदा पाहिलं होतं, आणि तेही कडूबा काकाच होते की त्यांचे भाऊ, हे त्याला नक्की सांगता येईना. पण त्यांचं सुतक मला पुरतं दहा दिवस. देवापुढं दिवा नाही, कुणाच्या कार्याला जायचं नाही. मी सगळं पाळलं, आणि पाळता पाळता कडूबा काकांच्या नावावर अण्णांसाठी पोटभर रडून घेतलं. शेजारच्या सत्यभामाबाई गल्लीत सांगत सुटल्या, "पाहा वं, चुलत-चुलत सासऱ्यासाठी कशी रडून राह्यली सुचिता, याले म्हनतात भावकीचा कळवळा."

त्या दिवशी फोनवर काय बोलावं ते तुला सुचत नव्हतं, हे मला कळलं होतं गं. मी बुलढाण्याच्या स्टँडवर चिखलीच्या गाडीची वाट पाहत बसले होते. तू "वहिनी, अण्णा…" एवढं म्हणालीस, आणि मग तू होतीस त्या मांबाई बोलणाऱ्या गावातल्या एका मयताचं सांगायला लागलीस. घरातली बाई वारली होती. तिच्या माहेरचं घर हातमागाची वस्त्रं घेऊन आलं, सासरच्या घरानं म्हशी-बकऱ्या आणल्या, आणि कुणी काय आणायचं हे पिढ्यांपासून ठरलेलं आहे म्हणालीस. त्या दोन घरांची देवघेव बाई मेली म्हणून संपत नाही, तिच्या लेकरांच्या लेकरांपर्यंत चालते. ती कुणी मिटवून टाकत नाही, कारण मिटली म्हणजे नातंच मिटलं असं तिथले लोक धरतात. तू मला धीर द्यायला सांगत होतीस. मी मात्र पिशवीत अण्णांचा चष्मा घेऊन बसले होते आणि मनात म्हणत होते, आमच्याकडं तीन दिवसांत मिटतं.

तुझं हे भाषांचं वेड कुठून सुरू झालं, हे तुझ्या त्या मोठ्या प्राध्यापकांना ठाऊक नसेल, मला आहे. मी या घरात आले तेव्हा तू आठवीत होतीस. माझ्या माहेरी 'मला', इथं 'मले'. सासूबाई सगळ्यांना सांगायच्या, "धाडची पोरगी पुस्तकावानी बोलते." तू माझ्या मागं मागं चुलीपर्यंत यायचीस आणि विचारायचीस, वहिनी, तुमच्याकडं याले काय म्हनतात, त्याले काय म्हनतात. मला पहिला महिनाभर वाटलं, सासूनं पोरीला पाळतीवर ठेवलंय. आता तू तिकडं केमाक बोलणाऱ्या म्हाताऱ्यांच्या चुलीपाशी बसून हेच करतेस आणि त्याला संशोधन म्हणतात. पुढं तू पुण्याला गेलीस, तिथल्या पोरी तुझ्या 'मले'ला हसल्या, आणि तू 'मला' घेऊन परत आलीस. मी तोवर 'मले' झाले होते. धाडला गेले की आमची आई म्हणायची, "सुचिता पक्की वऱ्हाडी झाली, आता हिला दिवाळीला बोलवायचं का नाही?" आपण दोघींनी बोलीची अदलाबदल केली आणि भाव कुणीच विचारला नाही.

मागच्या दिवाळीत तू फराळाचं तळता तळता मला तुझं काम समजावून सांगितलंस, ते माझ्या डोक्यात अजून फिरत असतं. बेटावरचा एवढासा देश, कधीकाळी पोर्तुगीजांच्या ताब्यातला, आपल्या दोन-तीन जिल्ह्यांएवढा, आणि त्यात इतक्या बोली. कोण कुणाची बहीण, कोण नुसती शेजारीण, हे काढायचं तुझं काम. तू म्हणालीस, वहिनी, आधी बाजारातले शब्द बाजूला काढायचे. तेतुम बोलणारा माणूस भाव सांगताना पोर्तुगीज आकडे बोलतो, देवळात आणि शाळेत पोर्तुगीज शब्द बोलतो, त्यावरून त्याचं कूळ कळत नाही. घरातले शब्द घ्यायचे. डोळा, पाणी, दगड, दोन, पाच. आणि नुसतं सारखं दिसलं म्हणून धरायचं नाही. केमाकमध्ये चारला 'पाआत' आणि तेतुममध्ये 'हाआत'. एकीकडं प असेल तिथं दुसरीकडं ह, असं एकदा नाही, पुन्हापुन्हा सापडलं पाहिजे, तेव्हा म्हणायचं, या दोघींची आई एक. मी लगेच म्हटलं, हात तर आपल्याकडंही आहे, म्हणजे तेतुम आपल्याच भावकीतली. तू झारा हातात धरून इतकी हसलीस की करंज्या करपल्या. म्हणालीस, त्यांच्याकडं हाताला 'लिमान' म्हणतात आणि पाचला 'लिमा', आणि हा लिमा समुद्रातून बेटाबेटांवर कुठच्या कुठं गेलाय. आपला हात आणि त्यांचा चार म्हणजे नुसता योगायोग, दोन गावांत दोन सोजराबाई असाव्यात तसा. सोजराबाई म्हणजे माझी आई, म्हणून मला तो दाखला चांगला लक्षात राहिला.

मग मी आपली विचारत गेले. मांबाई, केमाक, टोकोदेदे या पश्चिमेकडच्या डोंगरातल्या बोली एकमेकींच्या जवळच्या, एवढं तू ठामपणे सांगितलंस. त्यातल्या मांबाई आणि टोकोदेदे सहाला स्वतंत्र शब्द ठेवत नाहीत, पाच आणि एक म्हणतात. पण तेवढ्यावरूनही नातं धरू नका म्हणालीस, सवयी शेजाऱ्यांच्याही लागतात. तेतुम आणि पूर्वेकडच्या काही बोली दुसऱ्या बाजूच्या. या दोन्ही बाजूंची त्या बेटावर एकच आई होती, की दोन वेगवेगळ्या आल्या आणि इथं शेजारी राहून सारख्या झाल्या, यावर शिकलेल्या माणसांत अजून एकमत नाही, आणि तुझा सगळा जीव त्यात अडकलाय. मी तेव्हा म्हटलं होतं, एकमत होत नसेल तर ती नक्की भावकीच असणार. पण मला खरी लागून राहिली ती शेवटची दोन उदाहरणं. एक बुनाक. ती चहूबाजूंनी या बोलींच्या गराड्यात राहते, त्यांचे शब्द घेऊन बसली आहे, पाहणाऱ्याला घरातलीच वाटते, पण तिचं मूळच वेगळं. आणि दुसरी माकुवा. ती पार पूर्वेच्या टोकाला, परक्या कुळातल्या फातालुकूच्या शेजारी इतकी वर्षं राहिली की तिचं रूपच पालटलं, जाणत्यांनीसुद्धा तिला कितीतरी काळ परकी म्हणूनच मोजलं. आता ती उरली असली तर दोन-चार म्हाताऱ्यांच्या तोंडी. पण आतले शब्द तपासले तेव्हा कळलं, ही तर याच घरातली.

मला तेव्हा एक विचारायचं होतं ते राहून गेलं. बोलींची कुळं दाखवायला तुम्ही झाड काढता, त्यात सुनेची जागा कुठं असते? फांदी खोडातून निघते, तिला दुसरी फांदी निघते, पण लग्न करून आलेली बाई कुठं काढायची? तू म्हणाली होतीस की काही लोक आता झाड काढतच नाहीत. या गावचं बोलणं पुढच्या गावाला कळतं, त्याचं त्याच्या पुढच्याला, आणि मध्ये रेघ कुठं मारायची हे कुणालाच सांगता येत नाही, म्हणून ते एकमेकांत घुसलेले गोल काढतात. मला ते बरं वाटलं होतं. आपल्याकडं मात्र रेघ पक्की असते, आणि ती लग्नाच्या दिवशीच मारतात.

आता आईचं सांगते. अण्णा गेल्यावर आई धाडच्या घरात एकटी. हरिओम पिंपरीला, दोन खोल्या, नवरा-बायको दोघं कामावर. त्यानं तिला नेलं नाही असं मी म्हणणार नाही, नेलं होतं. ती दिवसभर आतून कडी लावून बसायची, आणि संध्याकाळी तो आला की त्यालाच विचारायची, बाबा, कोण पाहिजे? पंधरवड्यात परत आणून सोडली. हरिओम मला फोनवर म्हणाला, "ताई, तिला तिथंच करमतं." करमतं म्हणे. मागच्या बाजाराच्या दिवशी मी न कळवता धाडला गेले. चूल थंड, पिठाच्या डब्यात जाळी झालेली, आणि आई ओसरीत बसून चहात बुडवून टोस्ट खात होती. म्हणाली, "एकटीसाठी काय भाकरी थापायची?" ज्या बाईनं माणसांनी भरलेल्या घराला आयुष्यभर गरम भाकरी वाढली, ती टोस्टवर जगत होती. मी तिची वेणी घालायला बसले तर केस हातात आले. दीपमाला, मी तिथं रडले नाही. चिखलीच्या गाडीत बसल्यावर रडले, आणि शेजारच्या बाईनं मला लिंबाची गोळी दिली, तिला वाटलं गाडी लागतेय.

घरी येऊन तुझ्या भावाला म्हटलं, आईला इथं आणते. तो वाईट माणूस नाही, हे तुला मी सांगायला नको. दिवसभर उन्हात असतो, संध्याकाळी ताटावरच पेंगतो. तो कितीतरी वेळ ठिबकच्या नळ्या गुंडाळत राहिला आणि मग म्हणाला, "मी कवा नाही म्हनलं? पण सासू जावयाच्या घरी राह्यली तर हरिओमच्या तोंडाले काळं लागते. लोकं मलेच म्हनतीन, साळ्याची इज्जत घालवली. अन् ठेवाची कुठं?" शेवटचा प्रश्न खरा होता. आपलं घर तुला माहीत आहे. सासूबाई आणि मामंजी गेल्यापासून तुझी रस्त्याकडची खोली तशीच आहे, तुझी खाट, तुझी पुस्तकं, वर तुझे जुने कपडे. तिचं काय करायचं ते त्यानं ठरवून ठेवलंय. तू येशील तेव्हा चिखलीला रजिस्ट्रीला जाऊन तुझं हक्कसोड पत्र करायचं, मग रस्त्याकडची भिंत फोडून शटर लावायचं, कॅरेट आणि फवारणीचे पंप तिथं ठेवायचे. तुला त्यानं फोनवर सांगितलंच आहे आणि तू "कर दादा, कुठं सही करायची ते सांग" म्हणालीस, तेही स्पीकरवर मी ऐकलं. सगळ्याच बहिणी करतात. मीही धाडच्या घराचं हरिओमला करून दिलंय, आनंदानं, लुगडं-चोळी घेऊन. म्हणून तर आज धाडला मी पाहुणी आणि इथं तुझ्या भावाच्या भावकीतली. मी बुनाक की माकुवा, हे तूच तपासून सांग.

मी त्याच्याशी भांडले नाही. भांडायला अंगात जोर लागतो. शनिवारी जुड्या बांधून झाल्यावर धाडला गेले, आईचं गाठोडं बांधलं, आणि एका ओळखीच्या जीपवाल्याला सांगून तिला घेऊन आले. येताना तिनं मांडीवर पाण्याचा कॅन धरला होता, धाडच्या नळाचं पाणी. मला वाटलं, वाटेसाठी असेल. तुझ्या खाटेवर तिचं अंथरूण घातलं. तुझा भाऊ शेतातून आला, तिच्या पाया पडला, "आल्या का मामी" म्हणाला आणि आंघोळीला गेला. मला एवढंही पुष्कळ वाटलं. पण आई जेवायला बसेना. तिच्या गाठोड्यात दशम्या होत्या, शेंगदाण्याची चटणी होती, ती आपलं आपलं खात बसली, वर कॅनमधलं पाणी. लेकीच्या घरचं अन्न-पाणी घ्यायचं नाही, ही आमच्या घरातली जुनी चाल. नातवंड झालं की चालतं असं पुष्कळ लोक म्हणतात, पण आईच्या माहेरी तेही चालत नव्हतं. छकुलीच्या बारशालासुद्धा ती घरून पाणी घेऊन आली होती आणि सासूबाईंनी "विहिनबाई पाण्यासकट आल्या" म्हणून थट्टा केली होती. तेव्हा ती एका दिवसासाठी आली होती, म्हणून ते हसण्यावारी गेलं.

रविवारी दशम्या संपल्या आणि सोमवारी कॅन. मी समजावलं, हात जोडले, छकुलीला पुढं केलं. आई एकच म्हणायची, "तुला दिली ना गं, दिलेल्या घरचं कसं घेऊ? नरड्याखाली उतरत नाही." मंगळवारी भर उन्हात पाहते तर ती तांब्या घेऊन सत्यभामाबाईंच्या ओट्यावर बसलेली. त्या घरचं पाणी चालतं, तिथली भाकरी चालते, कारण तिथं तिची लेक दिलेली नाही. सत्यभामाबाई मनाच्या चांगल्या, त्यांनी वाढलंही. पण तोंड कुठं जाणार? भिंतीवरून मला विचारलं, "काऊन वं सुचिता, तुह्या मायले घरी पाणी भेटत नाही का?" तोवर अर्धी गल्ली गोळा झाली होती. तुझा भाऊ नेमका त्याच वेळी कॅरेट उतरवत होता. तो लाजेनं काळाठिक्कर पडला. आत येऊन मला म्हणाला, "सुचिता, तिले सोडून ये धाडले. आपल्या घरात हंडे भरले अन् सासू शेजाऱ्याच्या दारात पाणी मांगून राह्यली. मी कोनाले कोनाले सांगत फिरू?" त्याचं चुकलं असं मी म्हणत नाही. त्याला परवाचा, शुक्रवारचा जीपवाला मिळालाय.

काल संध्याकाळी मी आईजवळ बसले आणि, काय सुचलं कोण जाणे, तिला म्हटलं, आई, ही खोली माझी नाही आणि जावयाचीही नाही, ही दीपमालाची आहे. तिच्या बापाच्या घरातला तिचा वाटा आहे हा. तिनं अजून कुणाला लिहून दिलेला नाही. आई उठून बसली. तिनं तुझी पुस्तकं पाहिली, खुंटीवरची तुझी ओढणी पाहिली. म्हणाली, "तिचं लग्न नाही ना झालं?" मी म्हटलं, नाही. "मग हे तिचंच घर." मी पळत जाऊन पाण्याचा पेला आणला. तिनं हात पुढं केला आणि मागं घेतला. म्हणाली, "तू कशाला देतेस? घर जिचं तिनं म्हणावं. घरधनीण नसताना तिच्या घरात हात घालून पाणी घ्यायला मी काय चोर आहे का?" माझ्या आईनं माझ्या तोंडावर माझ्यापेक्षा पक्की रेघ मारली, आणि ती बरोबरही मारली.

तर एवढ्यासाठी हे लिहिते आहे. शुक्रवारच्या आत माझ्या आईला फोन कर आणि तिला तुझ्या घरी पाणी घ्यायला सांग. मावशी म्हण, आग्रह कर, यजमानीण करते तसा. आणि पुढच्या महिन्यात येशील तेव्हा सही करू नकोस, निदान ती आहे तोवर. तू नाही म्हणालीस की तुझा भाऊ दुखावेल, घरी आल्यावर चार दिवस तो तुझ्याशी धड बोलणार नाही, आणि सुचितेनं नणंदेला फितवलं असं भावकी म्हणेल. ते मला कळतं. भावाची माया तुझ्याकडं तेवढीच एक उरली आहे, आणि मी तीच पणाला लाव म्हणते आहे. दुसरं कुणी असतं तर त्याच्याकडं मागितलं असतं. तुझ्यावर माझा रक्ताचा काही हक्क नाही, तरी मागते, कारण या घरात माझं असं म्हणावं तर तूच आहेस. आत्ता दुपारचं ऊन उतरायचं आहे, आई तांब्या घेऊन शेजारी गेली आहे, आणि मी तुझ्या खोलीत एक माठ भरून, त्यावर झाकण ठेवून बसले आहे.

तुझ्या घरात तुझी वाट पाहणारी,
तुझीच
सुचिता वहिनी